उभी न केलेली साक्षीदार

कोर्टात साक्षीदार दोन तऱ्हेचे येतात. पहिला आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. ट्रक कुठून आला, कोण कोणाला काय बोललं, असं. दुसरा घटनेच्या वेळी तिथे नसतोच. तो नंतर येतो, मोडलेलं हाड, तडा गेलेली भिंत किंवा कागदावरची सही बघतो आणि आपलं मत सांगतो. त्याला तज्ज्ञ म्हणतात. असा तज्ज्ञ शोधायचा आणि तो उलटतपासणीत टिकेल की नाही हे आधीच तपासून ठेवायचं, हे माझं काम होतं. भाईंदर पश्चिमेला कर्णिक वकिलांचं ऑफिस होतं, तिथे मी नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं काढली. वकिलीची सनद माझ्याकडेही होती. काळा कोटही होता. पण कोर्टात उभं राहून बोलायचे ते कर्णिक साहेब. मी मागच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसायची.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास आम्ही गिरगावातली खोली सोडून भाईंदरला आलो. तेव्हा इथे दोनच गोष्टींची चलती होती, बांधकामाची आणि दाव्यांची. मिठागराच्या कडेची जमीन, जिला कोणी विचारत नव्हतं, तिला अचानक पाच-पाच मालक फुटले. एकाच प्लॉटची दोन खरेदीखतं, मेलेल्या माणसाची सही, जिवंत माणसाचं मृत्युपत्र असं सगळं आमच्या टेबलावरून जायचं. आणि प्रत्येक भांडणात कोणीतरी म्हणायचं, "एखादा एक्स्पर्ट बघा ना."

एक्स्पर्ट बघणं म्हणजे काय, ते सांगते. माणसाकडे प्रमाणपत्र असतं, ते खरं आहे का ते बघायचं. यापूर्वी तो कुठे कुठे साक्षीला उभा राहिला, तिथल्या निकालात न्यायाधीशांनी त्याच्याबद्दल काय लिहिलं, ते काढायचं. अशाच प्रश्नावर पूर्वी त्यानं उलटं मत दिलंय का? पक्षकाराशी नातं, शेजार, देणंघेणं? चिडतो का? आणि शेवटचा प्रश्न, माझ्या वहीत नववा: काम स्वतः केलंय का? हा प्रश्न मी स्वतःच वाढवला होता, कारण एकदा फजिती झाली होती. जमिनीची किंमत ठरवणाऱ्या एका गृहस्थांनी अहवालात लिहिलं होतं की मिळकतीच्या पश्चिमेला डांबरी रस्ता आहे. पश्चिमेला खाडी होती. भरतीच्या वेळी त्या डांबरी रस्त्यावरून होड्या जात. गृहस्थ ठाण्याच्या आपल्या खुर्चीतून उठलेच नव्हते.

दुसरे एक हाडांचे डॉक्टर होते. माणूस सोन्यासारखा, अहवाल चोख. पण कोणी शंका काढली की भडकायचे. मी त्यांना घरी जाऊन मुद्दाम तीन वेळा तोच प्रश्न विचारला. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "बाई, तुम्हाला हाड म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?" मी वहीत लिहिलं, 'नको.' ते साहेबांना आवडायचं. ते लोकांना सांगायचे, "आमच्या मंगलाबाईंच्या चाळणीतून गाळून आलेला साक्षीदार कोर्टात पडत नाही."

पडला. एकदा पडला, आणि तो मी डोळे उघडे ठेवून पाठवला होता.

भाईंदरजवळच्या मुर्धा गावच्या हौसाबाई पाटलांचा तो दावा. नव्वदच्या दशकाची पहिली वर्षं. हौसाबाई साठीच्या पुढच्या, विधवा, भाईंदरच्या बाजारात करंदी, निवट्या असली खाडीची मासळी विकायच्या. गावाच्या कडेला नवऱ्याच्या मागे राहिलेली त्यांची थोडी जमीन होती. एक दिवस तिथे पत्र्याचं कुंपण पडलं. चौकशी केली तेव्हा कळलं की हौसाबाईंनी पुतण्याच्या नावानं कुलमुखत्यारपत्र करून दिलंय, म्हणजे जमीन विकायचा अधिकार त्याला दिलाय, आणि पुतण्यानं ती विकून टाकलीय. कागदावर हौसाबाईंचा अंगठा होता.

"मी न्हाय दिला अंगठा," त्या पहिल्याच दिवशी आमच्या ऑफिसात म्हणाल्या. "माजा अंगठा मना ठाव न्हाय व्हय? ह्यो बग."

त्यांनी अंगठा पुढे केला. मिठागरात आणि मासळीत आयुष्य गेलेला, रेषा झिजलेला अंगठा. मधोमध आडवी एक जुनी खूण होती. नव्या नवरीपणी विळीवर कापलं होतं.

सगळा दावा त्या अंगठ्यावर होता. कोर्टानं हौसाबाईंच्या अंगठ्याचा ठसा समक्ष घेतला. आता हा ठसा आणि कागदावरचा ठसा एकाच माणसाचे आहेत का, एवढंच ठरवायचं होतं. पण कागदावरच्या ठशात शाई जास्त झाली होती, अर्ध्याहून अधिक भाग काळा डाग. सरकारी तज्ज्ञांकडे पाठवला, तिथून उत्तर आलं की ठसा मत देण्याइतका स्पष्ट नाही. त्यात त्यांची चूक नव्हती. मलाही तो डागच दिसला.

"मंगलाबाई, खासगी माणूस शोधा," कर्णिक साहेब म्हणाले. "नाही मिळाला तर ही म्हातारी गेली."

ठाण्याच्या कोर्टातल्या एका जुन्या कारकुनानं मला वामनराव गुप्त्यांचं नाव सांगितलं. पोलिसांच्या ठसे तपासणाऱ्या शाखेत आयुष्य काढून निवृत्त झालेले. घोडबंदर रस्त्यावर चेण्याला त्यांनी छोटं घर बांधलं होतं. भाईंदरहून ठाण्याला जाणारी एसटी चेण्याच्या फाट्यावर थांबायची. मी कोर्टातून परत येताना एका दुपारी उतरले.

गुप्ते दारातच खुर्ची टाकून बसले होते. उंच, ताठ, पांढरा शर्ट इस्त्रीचा. "या," ते म्हणाले. "चपलांचा आवाज बाईंचा आहे, चाल मात्र घाईतल्या माणसाची. वकिलांकडून आलात?" मी हसले. मला तो चाणाक्षपणा वाटला.

त्यांची मुलगी शैला, पस्तिशीच्या आसपासची, पाणी घेऊन आली. लग्न झालं नव्हतं. गावातल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. गुप्ते बोलू लागले आणि मी वही विसरले. शंख म्हणजे काय, चक्र म्हणजे काय, रेषा कुठे फुटते, कुठे अचानक संपते, कुठे दोन रेषांच्या मध्ये एखादं बेट सुटतं. "दोन ठसे एकाच माणसाचे आहेत हे सांगायला बरीच साम्यं लागतात," ते म्हणाले. "पण नाहीत हे सांगायला एकच फरक पुरतो. फक्त तो फरक शाईचा नाही, कातडीचा आहे, हे दाखवता आलं पाहिजे."

मी दोन्ही ठशांचे मोठे केलेले फोटो पुढे केले. त्यांनी भिंग उचललं, कागदावर धरलं आणि बराच वेळ पाहिलं. मी बाजूलाच बसले होते. भिंग ठशावर नव्हतं. कोऱ्या समासावर होतं.

ते मी पाहिलं. म्हातारपण, हात हलला असेल, असं स्वतःशी म्हटलं.

"ठेवून जा," ते म्हणाले. "आठवड्यानं या."

आठवड्यानं गेले तेव्हा गुप्ते आत पडले होते. शैला खिडकीशी उजेडात बसली होती. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात शिवणाची सुई. सुईचं टोक एका एका रेषेवर ठेवत ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. मी दारात आहे हे तिला कळलंही नाही. शेवटी तिनं मान वर केली आणि लाजली.

"बघा ना ताई," ती म्हणाली. "हा सगळा काळा भाग सोडून द्या. ह्या डाव्या कडेला बोटभर जागा स्वच्छ आहे. आजींच्या अंगठ्यावरची कापल्याची रेष इथपर्यंत येते. तुम्ही सांगितलंत, कापलं होतं लग्नानंतर, म्हणजे चाळीस वर्षं तरी झाली. जखमेची खूण जात नाही. मग या कागदावर ती इथे दिसायला हवी. इथे रेषा सरळ चालल्यात, एकही तुटलेली नाही. आणि शाईचं म्हणाल तर ह्या जागेत शाई बरोबर आहे, रेषांमधली घामाची छिद्रंसुद्धा दिसतायत."

मी भिंगातून पाहिलं. ती दाखवत होती म्हणून मला दिसलं. इतके महिने डाग होता, तो अचानक अंगठा झाला, आणि तो हौसाबाईंचा नव्हता.

गुप्ते बाहेर आले, भिंतीला हात लावत. मी वही उघडली. प्रमाणपत्रं, नोकरीची वर्षं, आधीच्या साक्षी. सगळं उत्तम. त्यांच्याबद्दल एकाही निकालात वावगा शब्द नव्हता. शेवटची साक्ष तीन वर्षांपूर्वीची होती. त्यानंतर का नाही, हे मी विचारलं नाही. नववा प्रश्न मात्र विचारला, कारण तो सवयीनं तोंडातून येतोच.

"काम तुम्ही स्वतः केलंत ना?"

"माझ्या देखरेखीखाली झालंय," ते म्हणाले.

मी लिहिलं, 'होय,' आणि त्यांच्या सहीचा अहवाल फाइलमध्ये ठेवला.

परत निघाले तर शैला फाट्यापर्यंत सोडायला आली. रस्त्यावर कोणी नव्हतं. ती सरळच म्हणाली, "ताई, बाबांना कोर्टात उभं करू नका. त्यांना दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, बाकी नाही. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही."

"मग अहवाल?"

"अहवाल बरोबर आहे. मी पाहिलं, त्यांना एकेक रेष सांगितली. त्यांनी शंभर प्रश्न विचारले, मी पुन्हा मोजलं. चार दिवस हेच चाललं होतं. आठवीत असल्यापासून मी त्यांच्याबरोबर हे करतेय. पण सही त्यांची आहे."

"त्यांनी काम घेतलंच का?"

"ते नाही म्हणणार होते. तुम्ही गेल्यावर मी ठसा पाहिला आणि म्हटलं, बाबा, हा त्या बाईचा नाही. मग ते म्हणाले, खरं समजल्यावर गप्प कसं बसायचं."

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी. कायद्यात तज्ज्ञाला पदवी लागते असं कुठेही म्हटलेलं नाही. त्या विषयात विशेष कसब असलेली व्यक्ती, एवढंच म्हटलंय. ते कसब शाळेत मिळवलं की बापाच्या शेजारी बसून, हा प्रश्न न्यायाधीशांनी तोलायचा. हे मला पाठ होतं. त्या फाट्यावर, त्या बाईसमोर उभं असताना माझ्या मनात स्पष्ट आलं की साक्षीदार ही आहे. हिचा अहवाल हिच्या सहीनं द्यावा आणि हिलाच उभं करावं.

आणि लगेच मला कर्णिक साहेबांचा चेहरा दिसला. 'शिकवणीच्या बाईला एक्स्पर्ट म्हणून उभं करू?' ते हसले असते. दोन दिवसांपूर्वीच ते सगळ्या ऑफिसला म्हणाले होते, "गुप्ते मिळाले, आता केस उभी राहिली. मंगलाबाईंची कमाल." तारीख महिन्यावर आली होती.

एसटी आली. मी म्हटलं, "बघते." आणि चढले.

मी साहेबांना सांगितलं नाही. त्याहून वाईट म्हणजे, मी पुन्हा चेण्याला गेले आणि गुप्त्यांची तयारी करून घेतली. अहवाल वाचून दाखवला, त्यांनी तो शब्दन् शब्द पाठ केला. कोर्टात दोन मोठे फोटो समोर येतील, त्यातला कोणता कुठला हे त्यांना कळायला हवं होतं. मीच सुचवलं की वादातल्या ठशाच्या फोटोच्या कोपऱ्यात टाचणीनं बारीक छिद्र पाडावं, म्हणजे बोटाला लागेल. शैलानं माझ्याकडे पाहिलं. मग सुई आणली. गुप्ते खाली मान घालून बसले होते. हे लिहायला मला फार वर्षं लागली.

तारखेला कोर्ट भरलं. हौसाबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. गुप्त्यांना मी हाताला धरून आणलं, आणि वयामुळे असेल असंच सगळ्यांना वाटलं. सरतपासणी छान झाली. कर्णिक साहेबांनी फोटो दिले, गुप्त्यांचं बोट कोपऱ्यावर फिरलं, आणि ते बोलू लागले. आवाज खणखणीत. न्यायाधीश पुढे झुकून ऐकत होते. विळीची खूण, बोटभर स्वच्छ जागा, न तुटलेल्या रेषा. मला वाटलं, निभावलं.

समोरच्या बाजूनं सामंत वकील होते. मृदू बोलणारा माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. ते उठले आणि म्हणाले, "गुप्ते साहेब, तुमच्याबद्दल मला आदर आहे. मी फार वेळ घेणार नाही. हे माझ्याकडचे फोटो. तेच आहेत, फक्त आमच्या प्रती. यातला वादातला ठसा कोणता, एवढंच सांगा."

गुप्त्यांनी फोटो हातात घेतले. बोट एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर गेलं. मग दुसऱ्या फोटोवर. सगळे कोपरे गुळगुळीत होते.

"घाई नाही," सामंत म्हणाले.

गुप्त्यांनी एक फोटो वर धरला. तो कोर्टासमोर घेतलेला हौसाबाईंचा ठसा होता.

सामंतांनी फोटोकडे एकदा पाहिलं. मग तितक्याच हळू विचारलं, "समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे. किती वाजले?"

गुप्ते ताठ उभे होते. त्यांनी फोटो कठड्यावर ठेवले, एकावर एक, नीट जुळवून. "साहेब," ते न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, आणि न्यायाधीश होते त्याच्या जरा डावीकडे बघत होते, "मला दिसत नाही. रेषा माझ्या मुलीनं मोजल्यात. पण बरोबर मोजल्यात."

न्यायाधीशांनी लघुलेखकाला ते वाक्य जसंच्या तसं घ्यायला सांगितलं.

आम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो. शैला शिकवणी सोडून आली नव्हती. वडिलांनीच तिला येऊ नको म्हटलं होतं. गुप्त्यांना जिना उतरायचा होता आणि मी पुढे व्हावं की नाही या विचारात तशीच उभी राहिले. तेवढ्यात हौसाबाई माझ्या बाजूनं गेल्या. आपला दावा आत्ताच बुडाला हे त्यांना कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी गुप्त्यांचा हात धरला.

"चल बाबा," त्या म्हणाल्या. "पायरी हाय. हलूच उतर. अजून येक हाय."

गुप्ते एक-एक पायरी उतरत होते आणि म्हणत होते, "मला माफ करा बाई." हौसाबाई म्हणत होत्या, "व्हय व्हय, पुढं बग." मग स्वतःच म्हणाल्या, "बगू नको, नुस्ता पाय टाक."

संध्याकाळी ऑफिसात कर्णिक साहेबांनी दार लावून घेतलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खुर्चीत बसले. मी म्हटलं, "साहेब, मुलीला बोलवू या. कायद्यात पदवी मागितलेली नाही. तिला येतं. मी स्वतः पाहिलंय."

"आता?" ते म्हणाले. "आता ती बापाची अब्रू वाचवायला आलेली मुलगी झाली. महिन्यापूर्वी साक्षीदार होती."

मी विचारलं, "महिन्यापूर्वी सांगितलं असतं तर तुम्ही तिला उभं केलं असतं?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "कदाचित हसलो असतो. पण मंगलाबाई, मला हसायची तरी संधी द्यायची. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा सांगितलं असतंत, तेव्हा ऐकलं असतं."

टाचणीच्या छिद्राचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. तेवढा धीर झाला नाही. ते वारले तोवर त्यांना ते माहीत नव्हतं.

दावा फेटाळला गेला. निकालात गुप्त्यांवर एक परिच्छेद होता, तो इथे देत नाही. आयुष्यभराच्या कामाबद्दल एकाही निकालात वावगा शब्द नसलेला माणूस, त्याचा शेवट त्या परिच्छेदात झाला. हौसाबाईंच्या मुलीनं अपील नको म्हटलं. "आयची पुरती दमछाक झाली, आता बस," ती म्हणाली. जमिनीवर चार मजले चढले. हौसाबाई मागच्याच घरात राहिल्या, दुपारनंतर त्या इमारतीची सावली अंगणात पडायची. बाजारात मी दिसले की हाक मारायच्या. करंदीवर मूठभर जास्त टाकायच्या. मी नको म्हणायची, आणि त्या म्हणायच्या, "घे गो, तू मेहनत केली व्हती माज्यासाटी." पुढे पुढे मी मासळीला पूर्वेच्या बाजारात जाऊ लागले.

गुप्त्यांकडे मी एकदाच गेले. ते दारात खुर्चीवर होते, शर्ट तसाच इस्त्रीचा. त्यांनी माझी चाल ओळखली, पण ओळख दाखवली नाही. शैला पाणी घेऊन आली आणि आम्ही तिघं शिकवणीच्या मुलांबद्दल बोललो. वर्षाच्या आत ते गेले. मी त्या दिवशी ठाण्याला कामात होते.

काम मी पुढेही केलं. लोक म्हणायचे, बाई फार कडक झाल्या. माझ्या चाळणीतून नंतर फार थोडी माणसं आली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. ठाण्यात एका वकिलाच्या मुलीचं लग्न होतं, तिथे जेवणाच्या रांगेत सामंत वकील भेटले. त्यांनी वकिली सोडली होती. पांढरे झाले होते. बोलता बोलता मुर्ध्याच्या दाव्याचा विषय त्यांनीच काढला.

"तुम्हाला कसं कळलं होतं?" मी विचारलं. "गुप्त्यांच्या डोळ्यांचं?"

"तुमच्या दोन वर्षं आधी मीच गेलो होतो त्यांच्याकडे, दुसऱ्या एका कामासाठी. त्यांनी मला सांगून परत पाठवलं की डोळे गेले. नंतर तुमच्या बाजूनं त्यांच्या सहीचा अहवाल आला. मी तीनदा वाचला. इतका चांगला अहवाल मी फार कमी पाहिलेत. म्हटलं, हे कोणी पाहिलंय? चेण्याला माणूस पाठवला, तेव्हा मुलीचं कळलं."

मला समजलं ते असं. मी दहा जणांना विचारलं होतं की गुप्त्यांना कोणी कोणी कामाला घेतलं. त्यांनी कोणाला परत पाठवलं, हे एकालाही विचारलं नव्हतं.

सामंत ताट हातात घेऊन उभे होते. "खरं सांगू बाई? मला भीती गुप्त्यांची नव्हती. तुम्ही त्या मुलीला बोलावाल याची होती. मला वाटलं, कर्णिकांना हे सुचणारच. तिच्या उलटतपासणीसाठी मी तीन रविवार बसलो होतो. भिंग आणलं, पुस्तकं आणली. तिला विचारायला मला एक धड प्रश्न मिळाला नाही."

मी न जेवता घरी आले.

शैला तेव्हा भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहायला आली होती. चेण्याचं घर विकून एका खोलीचा फ्लॅट घेतला होता. शिकवण्या तिथेही चालू होत्या. आठ दिवस मी ठरवत होते की तिला हे सांगावं की नाही. सांगून तिचं भलं होणार होतं की माझं मन हलकं होणार होतं, हे मला ठरवता आलं नाही. शेवटी एका सकाळी गेले.

तिनं चहा केला. केसांत पांढरं आलं होतं. मी सामंतांचं सगळं बोलणं सांगितलं, काही न गाळता. ती ऐकत होती. मध्येच उठून खिडकीचा पडदा सरकवला आणि पुन्हा येऊन बसली.

"तीन रविवार?" तिनं विचारलं.

"तीन."

"माझ्यासाठी?"

"हो."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. आनंद होता तो. साधा, शाळेतल्या मुलीसारखा, पहिला नंबर आल्याचा. क्षणभरच होता. मग तो गेला.

"बाबांना हे कळायला हवं होतं," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"आणि आपल्या बाजूनं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. खरंच तिला ते जाणून घ्यायचं होतं. "आपल्या बाजूनं कोणाच्या मनात आलं होतं का कधी, मला बोलवायचं?"

तिच्याशी खोटं बोलणं सोपं होतं. कर्णिक साहेब हयात नव्हते, त्यांच्यावर ढकलता आलं असतं.

"माझ्या आलं होतं," मी म्हटलं. "तू मला फाट्यावर सोडायला आलीस, तेव्हा."

"मग?"

"मग एसटी आली."

बाहेर जिन्यात मुलांचे आवाज आले. सकाळची शिकवणी होती. शैलानं माझा कप उचलला, तो अर्धा भरलेला आहे हे पाहून पुन्हा माझ्यासमोर ठेवला आणि दार उघडायला गेली.